सहाव्या जागेवरचा वाद

हे दोघे मी रचलेले आहेत, म्हणून त्यांना नावे नाहीत. मामा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका उपकेंद्रातून निवृत्त झालेले आरोग्यसेवक. नोकरीची पहिली वर्षे मलेरियाच्या स्लाइड काढण्यात गेली, पुढची सिकलसेलच्या नळ्या हलवण्यात. भाची पुण्यात पीएच.डी. करते. तिची लॅब उत्क्रांती आणि प्रथिनांची नवी घडण या दोन विषयांच्या सीमेवरची. होळीला ती घरी आली आहे. माणसे रचलेली असली तरी त्यांच्या भांडणाचे कारण खरे आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात 69 टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची पाड्यांवर सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे, आणि त्याच्यावरचे सगळ्यात गाजलेले संशोधन मात्र इथून फार लांब चालते.

मामा : लोक विचारतात, भाची डॉक्टर झाली का? मी म्हणतो, होईल, पण सुई टोचणारी नाही. मग करते काय, म्हणतात. तिथे माझी गाडी अडते.

भाची : प्रथिनं बदलते म्हणून सांगा. जिवाणूतलं एक प्रथिन घ्यायचं, त्याच्या जनुकात मुद्दाम चुका पाडायच्या. त्या चुकांतून हजारो निराळी प्रथिनं निघतात. त्यातलं कुठलं आपलं काम आधीपेक्षा बरं करतं ते शोधायचं.

मामा : सापडतं?

भाची : बहुतेक बिघडलेलीच सापडतात. एखादं चांगलं निघालं की त्या दिवशी सगळ्या लॅबला समोसे.

मामा : इकडे पोरगं हाडं दुखून लोळायला लागलं की 108 ला फोन लावायला आधी रेंजसाठी टेकडी चढायची. तुमचे समोसे त्याच्यापर्यंत कधी पोहोचणार?

भाची : तुम्ही लगेच तिथे येता.

मामा : मग कुठे येऊ? बरं, कोण कोण असतं त्या लॅबमध्ये? सगळे पांढरे कोट?

भाची : कोट कोणी घालत नाही, पाहुणे आले की घालतात. सर असतात, त्यांचा अर्धा वेळ अनुदानाचे अर्ज लिहिण्यात जातो. एक-दोन पोस्टडॉक, ते कायम पुढची नोकरी शोधत असतात. आम्ही पीएच.डी.वाले. आणि ऑटोक्लेव्हवाले काका. ते काचसामान धुतात, माध्यमं निर्जंतुक करतात. ते रजेवर गेले की आठवडाभरात कोणाच्या ना कोणाच्या प्लेटवर बुरशी येते. शोधनिबंधावर नावं आमची लागतात.

मामा : म्हणजे आमच्या आशाताईसारखंच. डोंगर चढायचा तिने, तक्ता भरून पाठवायचा तालुक्याने.

भाची : थोडं तसंच. फेलोशिप 37,000 आहे कागदावर. हातात येईपर्यंत कधी कधी ऋतू बदलतो.

मामा : आशाताईला पगार नाही, मोबदला आहे. तू तिच्यासमोर हे बोलू नकोस.

माणसांची ही मोजदाद मला महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेवर लिहिताना आपण तिचा प्रमुख पाहतो, फार तर त्याचे पारितोषिक. पण उत्क्रांतीवर प्रयोग करायचा म्हणजे रोज त्याच वेळी तीच नळी ताज्या माध्यमात टाकणारे कोणीतरी लागते. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी 24 फेब्रुवारी 1988 ला ई. कोलाय जिवाणूंच्या 12 वसाहती वाढवायला घेतल्या आणि मग त्या दररोज नव्या फ्लास्कमध्ये जात राहिल्या, रविवारीसुद्धा. सुमारे 31,000 पिढ्यांनंतर त्यांतल्या एका वसाहतीला ऑक्सिजन असताना सायट्रेट खाता येऊ लागले. ती एक ओळ पाठ्यपुस्तकात आली. फ्लास्क बदलणारे हात आले नाहीत.

मामा : सिकलच्या कार्यशाळेत साहेब फळ्यावर काढायचे, गोल पेशी आणि विळ्यासारखी पेशी. एवढंच आम्हाला माहीत. नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, मागे रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर सुटला, गढूळ झालं तर नमुना पुढे पाठवायचा. कारण गढूळ म्हणजे रुग्ण की नुसता वाहक, हे त्या नळीला कळत नाही.

भाची : पुढे म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसला. तो प्रयोग पहिल्यांदा लायनस पॉलिंग यांच्या लॅबने 1949 मध्ये सिकलसाठीच केला. हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सोडलं. निरोगी माणसाचं एका वेगाने सरकलं, रुग्णाचं दुसऱ्या. वाहकाच्या रक्तात दोन्ही निघाली. आजाराचं मूळ एका रेणूत असू शकतं हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पुढे 1956 मध्ये केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी तो रेणू कापून पाहिला. त्यातल्या बीटा साखळीत अमिनो आम्लांच्या 146 कड्या आहेत. त्यांतली सहावी तेवढी निराळी होती. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन.

मामा : एकशे सेहेचाळीसात एक.

भाची : एक. आणि ती कडी पाण्यापासून पळणारी. रक्तातला ऑक्सिजन उतरवून झाला की ती शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. तो रेणू पुढच्याला धरतो. पेशीच्या आत दोरखंड तयार होतात आणि पेशी वाकते. लाल पेशी 120 दिवस जगायची, ही दहा-वीस दिवसांत फुटते.

मामा : म्हणून डोळे पिवळे, म्हणून रक्त कमी. हे तू आम्हाला तेव्हा शिकवायला पाहिजे होतंस.

भाची : तेव्हा मी चौथीत होते.

मामा : चूक एवढीशी आहे तर मग देवाने, नाहीतर तुझ्या डार्विनने, ती इतकी वर्षं राहू कशी दिली? आजारी पोर मोठं व्हायच्या आत जायचं. म्हणजे ती चूक आपोआप संपायला हवी.

भाची : चूक म्हणू नका. मामा, तुम्ही आधी काय काम करत होता?

मामा : मलेरिया. ताप आला की बोट टोचून स्लाइड.

भाची : 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की सिकल जनुकाची एकच प्रत असलेल्या मुलांना मलेरियाचा जीवघेणा प्रकार फार कमी होतो. दोन्ही प्रती नीट असलेलं मूल मलेरियाने जायचं, दोन्ही सिकलच्या असलेलं सिकलने. मधलं जगायचं. सातपुड्याच्या पावसाळ्यात तेच झालं. भारतात सिकल पहिल्यांदा 1952 मध्ये नोंदला गेला, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये. दोन्ही ठिकाणी जंगल आणि डास.

मामा : म्हणजे मी अर्धी नोकरी डास मारण्यात घालवली आणि अर्धी डासांनी मागे ठेवलेलं निस्तरण्यात.

भाची : हे मी माझ्या सेमिनारमध्ये सांगणार आहे.

मामा : नाव घालून सांग. पण मग मलेरिया कमी झाला, आता सिकलही कमी होईल ना?

भाची : हिशोब करू. समजा एखाद्या पाड्यावर जनुकाच्या शंभर प्रतींत दहा सिकलच्या आहेत. म्हणजे शंभर माणसांत अठराएक वाहक. उद्या मलेरिया पार गेला आणि दोन सिकल प्रती असलेलं एकही मूल मोठं झालं नाही, असं क्रूर गृहीत धरलं, तरी दहाच्या पाच प्रती व्हायला दहा पिढ्या लागतील. अडीचशे वर्षं. रुग्ण जगू लागले, जे व्हायलाच हवं, तर आणखी जास्त.

मामा : आणि सरकारने मोहीम काढलीय, 2047 पर्यंत सिकल संपवायचा.

भाची : ती मोहीम 1 जुलै 2023 ला शहडोलला सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. त्यांना जनुक संपवायचं नाही, आजारी मूल जन्माला येणं थांबवायचंय.

मामा : 1 जुलै आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस. 1998 ला धुळ्यातून निघालो. पंचवीस वर्षांनी ही भेट. ते जाऊ दे. आजारी मूल जन्माला येऊ नये ते कसं? सिकलचं कार्ड बघून लग्न. दोघे वाहक असतील तर लग्न नको. ते काम मी केलंय, आणि तुझ्या लॅबपेक्षा ते स्वस्त आहे.

भाची : स्वस्त कोणाला?

मामा इथे गप्प बसतात, कारण उत्तर त्यांना ठाऊक आहे. 1968 मध्ये खुद्द पॉलिंग यांनी लिहिले होते की सिकल जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर गोंदून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. रसायनशास्त्राचे नोबेल आणि शांततेचे नोबेल मिळवलेला माणूस. रेणूची नस सापडली म्हणजे माणसाची सापडली, असा विश्वास किती सहज बसतो याचा हा पुरावा. खिशातले कार्ड कपाळावरच्या गोंदणापेक्षा कितीतरी बरे, यात शंका नाही. पण कार्ड कोणाकडे मागितले जाते हेही बघावे लागते.

मामा : मागतात मुलीचं. मुलाचं कार्ड कोणी दाखवत नाही, त्याची तपासणीच झालेली नसते. वाहक मुलगी म्हणजे आजारी मुलगी, असं धरून चालतात. मी दारोदार सांगितलं, वाहकाला काही होत नाही, दोघेही वाहक असतील तरच प्रश्न. आणि तेव्हाही दर बाळंतपणाला चारात एक शक्यता, नव्याने. लोकांना वाटतं, पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली.

भाची : म्हणून मी म्हणते, लग्नाच्या दारात बसून हा प्रश्न सुटत नाही. उपचार हवा.

मामा : उपचार आहे की. हायड्रॉक्सीयुरिया. गोळी आहे, स्वस्त आहे. ती महिन्याच्या महिन्याला पोहोचत नाही, पोहोचली तर रक्त तपासून मात्रा ठरवायला कोणी नसतं. मला त्यासाठी माणूस दे. मला उत्क्रांती नको.

भाची : ही गोळी कुठून आली?

मामा : जिल्ह्याच्या स्टोअरमधून.

भाची : मामा!

मामा : सांग.

भाची : 1869 मध्ये जर्मनीत बनली. कोणालाच कशासाठी ते माहीत नव्हतं. पुढे कॅन्सरसाठी वापरली. सिकलच्या मोठ्यांना तिने वेदनेचे झटके जवळपास निम्मे होतात, हे 1995 ला सिद्ध झालं. सव्वाशे वर्षं ती कोणाच्या तरी निरुपयोगी समोशाची वाट बघत होती.

मामा : आणि ती काम कशी करते?

भाची : गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं बनायला लावते. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन निराळं असतं, त्यात सहाव्या जागी व्हॅलिन नसतं.

मामा : थांब. हे मला माहीत आहे. पाच-सहा महिन्यांपर्यंत पोर ठीक असतं. मग एक दिवस हातपाय सुजतात. आम्ही सगळे सांगायचो, अंगावरचं दूध पितंय तोवर ठीक. दुधाचा संबंध नव्हता तर!

भाची : 1948 मध्ये ब्रुकलिनला जेनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांनी हेच पाहिलं आणि त्याचं कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोधलं. आज जगभर जी जनुकीय उपचारपद्धती गाजतेय तिचा पाया तोच.

मामा : लॅबमध्ये पाहिलं की दवाखान्यात?

भाची : बाळांच्या वॉर्डात.

मामा : बस. माझं म्हणणं एवढंच होतं.

ही खेप मामांची. मी मात्र भाचीची बाजू पूर्ण सोडायला तयार नाही, कारण यापुढचे काम वॉर्डात होण्यासारखे नव्हते.

भाची : आता माझं ऐका. त्या सहाव्या जागेवर निसर्गाने एकच प्रयोग केलेला नाही. ग्लुटामिक काढून व्हॅलिन घातलं, ते सिकल. पश्चिम आफ्रिकेत त्याच जागी लायसिन आलं, ते हिमोग्लोबिन सी, बरंच सौम्य. इंडोनेशियात मकासार शहराच्या नावाने ओळखलं जाणारं एक आहे. तिथे अ‍ॅलनिन आलंय, आणि त्या माणसांना काही होत नाही. रेणू एकमेकांना धरतच नाहीत.

मामा : मग सिकलवाल्याचं व्हॅलिन काढून ते मकासारचं घाला.

भाची : तेच केलं. डेव्हिड लिऊ यांची हार्वर्डची लॅब. जनुकातलं एक अक्षर न कापता बदलणारं प्रथिन त्यांना हवं होतं. निसर्गात ते नाही. ई. कोलायमध्ये आरएनएवर तसं काम करणारं एक आहे, पण ते डीएनएला हात लावत नाही. मग त्याला शिकवलं.

मामा : प्रथिनाला?

भाची : पिढ्यान्‌पिढ्या. जिवाणूंवर जगणारा एक विषाणू असतो, फेज. अशी व्यवस्था करायची की त्याच्या पोटातलं प्रथिन आपल्याला हवं ते काम करील तरच त्याला पिलं होतील. खालून ताजे जिवाणू येत राहतात, वरून जुनं वाहून जातं. ज्याला काम जमलं नाही तो वाहून गेला. सातपुड्यात मलेरियाने जे हजारो वर्षांत केलं, ते तिथे काही दिवसांत होतं. 2017 ला ते प्रथिन पहिल्यांदा जमलं. या फेजच्या यंत्रात पुढे आणखी तल्लख झालं. 2021 ला त्याने सिकल रुग्णांच्या पेशींतलं व्हॅलिन अ‍ॅलनिन करून दाखवलं. उंदरांत त्या पेशी टिकल्याही.

मामा : हे मला आवडलं. मरणारे मोजायचे आणि उरलेला पुढे न्यायचा. फक्त आमच्याकडे मरणाऱ्यांना नावं होती.

(भाची काही बोलत नाही. मीही बोलत नाही.)

मामा : आपल्याकडे काही आहे का याचं?

भाची : आहे. दिल्लीला सीएसआयआरची आयजीआयबी संस्था. देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक माइती. त्यांनी फ्रान्सिसेला नावाच्या जिवाणूचं कॅस-9 प्रथिन घेतलं, कारण ते चुकीच्या जागी सहसा कापत नाही. पण ते आळशी होतं. त्याच्या कड्या बदलून त्यांनी ते चपळ केलं. कोविडमध्ये त्यांची फेलुदा चाचणी आली होती बघा. ती मुळात सिकल ओळखण्याच्या कामातून निघाली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांचा सिकलवरचा जनुकीय उपचार जाहीर झाला. नाव ठेवलंय बिरसा 101. तंत्र पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटला दिलंय.

मामा : बिरसा मुंडांचं नाव. चांगलं आहे. किंमत?

भाची : परदेशातला पहिला, कॅसजेवी, 2023 च्या शेवटी मंजूर झाला. 22 लाख डॉलर. तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपये.

मामा : अठरा कोटी. एका माणसाला. तेवढ्यात आपल्या अक्राणी तालुक्यातल्या सगळ्या उपकेंद्रांना...

भाची : म्हणूनच इथे बनवायचं. तिथलं प्रथिन त्यांच्या पेटंटखाली, आपलं आपल्याकडे. पण किंमत हा एकच अडसर नाही, हेही सांगते. पेशी बाहेर काढून दुरुस्त करतात, आणि त्या परत घालण्याआधी जुनी अस्थिमज्जा औषधाने जाळावी लागते. कित्येक आठवडे दवाखाना. त्या औषधाने पुढे मूल न होण्याचा धोका असतो.

मामा : हे पाड्यावर कोण सांगणार?

भाची : डॉक्टर.

मामा : कुठल्या भाषेत? तुला आठवतं, एकदा शहरातून गाडी आली होती, सगळ्या पाड्याचं रक्त नेलं. संशोधन म्हणाले. मी स्वतः लोकांना रांगेत उभं केलं. एकाचाही रिपोर्ट परत आला नाही. लोक त्या गाडीला विसरले, मला नाही विसरले. पुढे सिकलची नळी घेऊन गेलो तर दारं बंद.

भाची : अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांचं असंच झालं. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने रक्त घेतलं. मग त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, त्यांचे पूर्वज कुठून आले याचा अभ्यास झाला. त्यांनी खटला भरला. 2010 मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले.

मामा : परत केले? रक्त?

भाची : फ्रीझरमधून काढून. लोकांनी ते घरी नेलं.

मामा : बघ. त्यांच्या वतीने भांडायला कोणीतरी होतं. तू उद्या तुझं प्रथिन घेऊन इथे येशील...

भाची : माझं प्रथिन कधीच येणार नाही कदाचित. माझं कुठे तरी एका तक्त्यात एक ओळ होईल, आणि दुसऱ्या कोणाचं तरी त्याच्यावर उभं राहील. तुमच्या स्लाइडसारखंच. एकेका स्लाइडने कोण वाचलं, सांगता येतं तुम्हाला?

मामा : एका मुलाचं सांगता येतं.

भाची : मग तुम्ही माझ्यापेक्षा पुढे आहात.

मामा : रुसू नकोस. तुझं काम चालू दे. पण ज्यांच्या रक्तावर चालतं ते लोक त्या खोलीत कुठेच नाहीत. सर आहेत, तू आहेस, ऑटोक्लेव्हवाला आहे. आमच्यातलं कोण आहे?

भाची : मी आहे.

मामा : तू आता अर्धी पुण्याची.

भाची : बरं. मग हे ऐका. औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. 2019 चे नियम आहेत. समितीत किमान सात माणसं, त्यात एक डॉक्टर नसलेला, शास्त्रज्ञ नसलेला सामान्य माणूस लागतोच. बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी ओळखीचे निवृत्त शिक्षक बसवतात. तुम्ही बसा.

मामा : मी? मी तर आरोग्य खात्यातला.

भाची : अरे हो. मग मामी बसतील.

मामा : ती बसली तर तुमच्या सरांची काही खैर नाही. पण संमतीचा कागद पावरीत पाहिजे, मराठीत चालणार नाही. आणि ते ‘पुन्हा पूर्वीसारखं करता येत नाही’ पहिल्या पानावर पाहिजे. मुलाबाळांचं त्याच्या लगेच खाली, चौथ्या पानावर नाही.

भाची : ते मी मांडू शकते. पावरी कोण लिहून देणार?

मामा : मी सांगतो, तू लिही. आणि नंदुरबारहून पुण्याचं येण्याजाण्याचं भाडं कोण देतं, तेही आधी विचारून ठेव.